गाणं संपेपर्यंत

“एकट्या माणसाला मिळत नाही,” खानावळीची मालकीण पातेल्यावरची नजर न उचलता म्हणाली. “रश्शाचं भांडं दोघांचंच असतं.”

यांग मिरान दारातच थबकली. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि बुसानच्या बंदरावरून येणारा फेब्रुवारीचा वारा पाठीला नुसता डसत होता. पोटात कावळे ओरडत होते.

“दोघांचं मी एकटी खाते की, मावशी!”

“आणि उरलेलं? मासा जिवानिशी गेलाय, वाया जायला नाही गेला.”

तेवढ्यात मागे कुणीतरी छत्री झटकली… गार थेंब मिरानच्या मानेवर उडाले. ती फणकाऱ्याने वळली. उंच, सडपातळ माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट.

“माफ करा,” तो तिला म्हणाला. मग मालकिणीकडे बघून, अगदी हळू, “मीही एकटाच आहे.”

मालकिणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पळीने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. “एक नि एक किती? बसा तिकडे.”

बसले. त्याने चमचा कागदाने पुसला, मग पुन्हा पुसला. तोवर मिरानने माशाचं डोकं उचललंही होतं.

“डोकं खाता का?” तिने उगीच विचारलं.

“नाही. मी कुणाचंच डोकं खात नाही.”

चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. हा थट्टा करतोय की काय, तिला कळेना… आणि हसू मात्र आवरेना. जेवण झाल्यावर तो उठला, कमरेत वाकला, आणि नावही न सांगता पावसात निघून गेला.

त्या संध्याकाळी योंग्दो बेटावर घराकडची चढण चढताना मिरानला आठवून बघावं लागलं – समोर कुणी बसलेलं असताना आपण शेवटचं कधी जेवलो? आई गेली, भाऊ उल्सानच्या गोदीत कामाला लागला, आणि घरात बोलायला उरला तो टीव्ही. तो बोलायचा, ती त्याच्यावर ओरडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुन्हे पथकाच्या खोलीत तोच काळा कोट उभा!

“हे फौजदार प्यो ग्युसक. सोलहून बदलून आलेत,” पथकाचे साहेब म्हणाले. “आणि ही आमची फौजदार यांग. आजपासून तुमची जोडी. मिरान, यांना घाबरवू नकोस.”

“ओळख आहे आमची, साहेब. एका भांड्यात जेवलोय.”

खोलीत खसखस पिकली. प्योचे कान लाल झाले.

जोडी कसली, विळ्याभोपळ्याचं सख्य! ती आरोपीला दरडावून बोलतं करायची, हा त्याला आधी पाणी विचारायचा. ती गाडी पिटाळायची, हा सुनसान रस्त्यावरही लाल दिव्याला थांबायचा. ती त्याला ‘सोलकर’ म्हणायची, तो तिला ‘यांग मॅडम’.

“सोलकर, चोर काय तुमच्या दिव्यासाठी थांबणार आहे?”

“नाही. पण पलीकडची म्हातारी आपल्या भरवशावर रस्ता ओलांडतेय.”

आणि खरंच कुणीतरी म्हातारी ओलांडत असायची. मिरानला त्याचाच जास्त राग यायचा.

थंडी सरता सरता त्यांच्या गळ्यात ‘चेअरमन’चं प्रकरण पडलं. साठीचा माणूस, पांढरी टोपी, जिभेवर साखर. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारी चालणाऱ्या नाचघरात तो एकट्या विधवा हेरायचा, थोडे दिवस त्यांच्याबरोबर नाचायचा, आणि मग त्यांच्या दागिन्यांसकट पसार व्हायचा. फसलेल्या बाया तोंड उघडायला तयार नव्हत्या. बोंगसून आजी तर मुळीच नाही.

“माझी काही तक्रार नाही,” मासळीबाजारात वाम सोलता सोलता आजी म्हणाली.

“अहो आजी, त्याने तुमच्या बांगड्या नेल्या!”

“नेल्या. पण संत्रं सोलून द्यायचा. शिरा काढून, एकेक फोड. नवरा गेल्यापासून मला कुणी एक फोड दिली नव्हती गं पोरी.” आजीने सुरी थांबवली. “तुला देतं का कुणी?”

मिरान उगीच वहीत काहीतरी खरडू लागली. प्यो मात्र आजीशेजारी उकिडवा बसला.

“आजी, त्याच्याबरोबर नाचताना तुम्हाला कुठलं गाणं आवडायचं?”

असला प्रश्न पोलीस विचारतात? पण आजी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

मग सुरू झाली नाचघरातली पाळत. नुसतं भिंतीला टेकून उभं राहिलं तर कुणालाही संशय आला असता.

“नाचावं लागेल,” प्यो म्हणाला.

“तुम्ही? आणि नाचणार?”

उत्तर म्हणून त्याने हात पुढे केला. तिने धरला… आणि काठीसारखा ताठ माणूस बघता बघता पाण्यासारखा वाहू लागला. मिरानने मात्र पहिल्याच गिरकीला त्याचा पाय तुडवला.

“कुठे शिकलात हे?”

“सोलमध्ये. रविवारी.”

“रविवारीच का?”

“बाकीचे दिवस कामात जातात. रविवार…” तो जरासा अडखळला. “रविवार जाता जात नाही.”

वर आरशांचा गोळा फिरत होता. त्याचे कवडसे प्योच्या गालावरून, पापण्यांवरून सरकत होते. मिरानने त्याच्या खांद्यावरचा हात किंचित घट्ट केला.

“यांग मॅडम…”

“काय?”

“पाय.”

“असू दे. सवय करा.”

आणि शुक्रवारी चेअरमन आला. पांढरी टोपी, चकचकीत बूट. मिरान पुढे सरकणार, तोच तिला गर्दीत बोंगसून आजी दिसली. ठेवणीतला निळा पोशाख घालून ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. तिने बांगड्यांचं नाव काढलं नाही. नुसता हात पुढे केला. चेअरमन घुटमळला, आणि मग त्याने तो हात धरला.

मिरानने हातकडी बाहेर काढली. प्योने तिचं कोपर धरलं.

“गाणं संपू दे.”

“वेड लागलंय का तुम्हाला?”

“दोन मिनिटं. आजीकडे बघा.”

आजीचे डोळे मिटलेले होते. सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं की मिरानने पटकन नजर वळवली. दुसऱ्याच्या घराचं दार चुकून उघडावं, तसं झालं तिला. ती थांबली. का थांबली, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं.

गाणं संपलं. चेअरमनने टोपी काढून आजीला वाकून नमस्कार केला. त्याने हातकडी केव्हाच पाहिली होती. नमस्कार संपायच्या आत तो स्वयंपाकघराच्या दारातून पसार!

जिना, गल्ली, मासळीबाजार, धक्का. चेअरमन नांगरलेल्या होड्यांवरून टणाटण उड्या मारत सुटला. मागोमाग प्योनेही उडी घेतली, पण ती कमी पडली. धप्प! काळा कोट पाण्यावर क्षणभर फुगला आणि खाली गेला. वर आले नुसते बुडबुडे.

चेअरमन हाताच्या अंतरावर होता. मिरानने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिने सूर मारला.

थोड्या वेळाने मासेवाल्या बायकांच्या पडवीत दोघं शेगडीपाशी कुडकुडत बसले होते. अंगावर बायकांनीच दिलेले फुलाफुलांचे ढगळ कपडे.

“पोहता येत नाही हे सांगता येत नव्हतं?” मिरान कडाडली.

“कुणी विचारलं नव्हतं.”

“फुलं शोभतात हो, सोलकर, तुम्हाला!” ती हसायला गेली, पण दातच वाजले. त्याला ओढून वर काढताना त्याचं डोकं कसं लुळं पडलं होतं, ते काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

“तुम्ही त्याला धरायला हवं होतं,” तो म्हणाला.

“तो काय, आज ना उद्या मिळेल.”

“आणि मी?”

शेगडीवरची किटली वाफ सोडू लागली. मिरानने पेला भरून त्याच्यापुढे सरकवला.

“तुम्ही… चहा प्या.”

साहेबांनी दोघांना उभं-आडवं झाडलं. “चोर समोर, आणि पोलीस गाणं ऐकत उभे? कुणाची ही अक्कल?”

“साहेब, आम्ही दोघांनी…” मिरानने सुरुवात केली.

“माझी,” प्यो म्हणाला. “एकट्याची. यांग मॅडम मला अडवत होत्या.”

चार दिवसांत हुकूम निघाला – परत सोल. त्याच आठवड्यात बोंगसून आजी आपल्या पायांनी ठाण्यात आली.

“घ्या लिहून तक्रार. गेझ्ये बेटावर बहीण आहे त्याची, तिच्याकडे दडलाय.”

“आजी, हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी तुम्ही बांगड्यांचंच विचारत होतात. मला गाण्याचं विचारलं ते त्या उंच पोराने, आणि त्यानेच ते संपूही दिलं.” आजीने खोलीभर नजर फिरवली. “आहे कुठे तो?”

चेअरमन सापडला. साहेबांनी प्योची पाठ थोपटली. पण निघालेला हुकूम काही मागे फिरला नाही.

स्टेशनवर मिरान हवेवर बोलली, चेअरमनच्या बहिणीवर बोलली, गाडीतल्या जेवणाच्या डब्यांवरही बोलली.

“पोहायला शिका तिकडे.”

“शिकेन.”

“आणि…”

“आणि?” तो वाकून बघत होता. त्याच्या पापण्या किती लांब आहेत, हे तिला आत्ता दिसावं!

“आणि काही नाही. चढा, दारं लागतील.”

तो चढला. गाडी निघाली. प्लॅटफॉर्म बघता बघता रिकामा झाला, आणि मिरानला एकाएकी असं वाटलं की सगळं बुसान शहर कुणीतरी उचलून नेलंय, आणि आपल्याला तेवढं विसरलंय. तिने फोन लावला.

“सोलकर, ऐका. मध्ये बोलू नका. उद्या गाडीत माझ्या शेजारी दुसराच कुणी बसेल, आणि मला तो नकोय. मला तुम्ही हवे आहात. कामाला नव्हे… म्हणजे, कामालाही, पण… मला तुम्ही आवडता. झालं. बोला आता.”

पलीकडे काहीच नाही. श्वासही नाही.

मग तिच्या ध्यानात आलं. बुसान सोडलं की गाडी लांबलचक बोगद्यात शिरते. जन्मात पहिल्यांदा मनातलं बोलली, ते डोंगराला! फोन ठेवावा असं वाटलं, पण तिने ठेवला नाही. एक सफाईवाली झाडू मारत तिच्या पायांजवळून गेली.

“हॅलो… हॅलो? बोगदा होता. काही ऐकू नाही आलं. काय म्हणालात?”

‘काही नाही’ म्हणणं किती सोपं होतं. मिरानने डोळे मिटले.

“मी म्हणाले, मला तुम्ही आवडता!”

आवाज तिचाच, बंदरावरचा. अख्ख्या प्लॅटफॉर्मने वळून पाहिलं. सफाईवालीचा झाडू थांबला. फोन गप्प.

“परत… बोगदा?” तिने विचारलं.

“नाही.” त्याचा आवाज ओला झाला होता. “इथे लख्ख ऊन आहे. मिरान… तू अजून तिथेच उभी आहेस?”

त्याने कधी तिला नावाने हाक मारली नव्हती. ‘तू’ म्हणून तर नाहीच.

“हो.”

“मग फोन ठेवू नकोस. मला पण बोलायचंय… खूप दिवसांचं साठलंय. पण पुढे अजून बोगदे आहेत.”

“असू देत,” ती म्हणाली. “तू बोल.”

त्याने खोल श्वास घेतलेला तिला ऐकू आला. “त्या दिवशी पाण्यात…” तो म्हणाला, आणि आवाज तुटला. मिरान जवळच्या बाकावर बसली. फोन कानाशी घट्ट धरून ती बोगदा संपायची वाट बघत राहिली.