गुरुजींचा उजवा हात

शिल्पकाराकडे थोर माणसांच्या उजव्या हाताचा एकच साचा होता. छातीशी पुस्तक धरलेला हात, बोटं निमुळती, नखं स्वच्छ कापलेली. मूळ हात कुणाचा होता हे त्यालाही आठवत नव्हतं; बहुधा बँकेतल्या कुठल्याशा कारकुनाचा असावा. पण गेल्या पंधरा वर्षांत त्या साच्यातून तीन कवी, दोन विचारवंत आणि चार समाजसुधारक निघाले होते. चेहरे वेगळे, चष्मे वेगळे, हात मात्र तोच. पुतळ्याच्या हाताकडे कोण बघतं, असं तो म्हणायचा, आणि आजवर कुणी बघितलंही नव्हतं.

या खेपेला पुतळा गुरुजींचा होता. गुरुजी म्हणजे आयुष्यभर लोकांचे संडास स्वतःच्या हातांनी साफ केलेले सुधारक. ज्यांच्या कपाळी हे काम पिढ्यान्‌पिढ्या आलं होतं त्यांच्याबरोबर ते घाणीत उतरले, त्यांच्या शेजारी बसून जेवले, आणि मग त्यावर एक पुस्तक लिहिलं. समितीने नमुन्यासाठी दिलेल्या फोटोत त्यांच्या हातात बादली होती. पण समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पुतळा वाचनालयात बसणार आहे हो. तिथे बादली कशी दिसेल? पुस्तक द्या हातात."

शिल्पकाराला हायसं वाटलं. एक तर साचा तयार होता. दुसरं कारण तो कुणाला सांगत नसे. त्याच्या आईने तीस वर्षं संडास साफ करायचंच काम केलं होतं. बाहेर त्याने ती इस्पितळात नर्स होती असं सांगून ठेवलं होतं. कारखाना घराच्या पुढच्या खोल्यांत होता आणि आई मागच्या. ॲसिडच्या वाफांनी तिचं नाक कधीच मेलं होतं. गॅसवर काही करपलं तरी तिला पत्ता लागत नसे. काम सोडून वीस वर्षं झाली होती. तरी फडताळात तिचं टवका उडालेलं ताट वेगळं असे, आणि जेवायच्या आधी तो तिला न चुकता म्हणे, "हात धुऊन ये." ती निमूट धुऊन येई. त्याला तिच्या हातांची किळस यायची. त्या किळसेची लाजही वाटायची, पण किळस आधी यायची.

शुक्रवारी अध्यक्ष मातीचं काम बघायला येणार होते. त्यांनी पसंत केलं की ओतकामासाठी अख्ख्या पुतळ्याचा साचा घ्यायचा, नाहीतर हे काम दुसऱ्याकडे जाणार हे त्यांनी गोड बोलून सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी त्याने पुतळ्यावरचं ओलं फडकं काढलं आणि झटकन मागे सरला. वास आला. माती फार दिवस ओली राहिली की कुजते, हे त्याला माहीत होतं. त्याने हात मनगटापासून कापला, माती टाकून दिली, नवी मळली, साच्यात दाबून नवा हात काढला आणि बसवला. मग स्वतःचे हात साबणाने दोनदा धुतले.

मंगळवारी वास पुन्हा होता, आणि फक्त उजव्या हाताला होता. त्याने वाकून पाहिलं. नखांच्या आत काळपट काहीतरी भरलं होतं. साच्यातून निघालेल्या नखांना आतली बाजू नसते. तरी त्याने कोरणीचं टोक घातलं, आणि ते सहज आत गेलं. बाहेर आलं ते ओलं, पिवळट काळं आणि चिकट होतं. कोरणी त्याने कचऱ्यात टाकली, मग ती कचऱ्याची पिशवीच गल्लीच्या टोकाला नेऊन टाकली.

संध्याकाळी आई चहाचा कप घेऊन पुढे आली. कारखान्यात यायची तिला मनाई होती, पण तो दमला होता; त्याने कप घेतला. तिने पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"चेहरा जमलाय," ती म्हणाली. "हात त्यांचे नाहीत."

"तुला काय ठाऊक?"

"मी नवी होते कामावर. आमच्याबरोबर उतरायचे ते. नखं कायम काळी. कितीही धुतले तरी वास जायचा नाही. एकदा माझ्या डब्यातला घास उचलला त्यांनी त्याच हाताने. मीच म्हटलं, गुरुजी, राहू द्या. तर म्हणाले, तुझ्या हाताला येतो तोच वास आहे, त्यात काय."

"बरं, बरं. तू आत जा. आणि शुक्रवारी बाहेर येऊ नकोस."

"नाही येत," आई म्हणाली.

बुधवारी पुस्तक जमिनीवर पडलेलं होतं. बोटं उघडली होती आणि अर्धवट मिटली होती, बादलीची कडी धरल्यासारखी. तळव्यावर घट्टे होते. भेगा होत्या, आणि भेगांतही ते होतं. त्याने नाकाला फडकं बांधून हात पुन्हा कापला, पुन्हा बसवला. गुरुवारी पुन्हा तेच. त्याने कारखान्याच्या दाराला कुलूप घालून पाहिलं होतं, खिडक्या आतून लावल्या होत्या. कुणाचा खोडसाळपणा म्हणावा तर किल्ली त्याच्याच खिशात होती. दोन दिवसांत त्याला अन्न गोड लागलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटेच त्याने पाचवा हात बसवला आणि समोर खुर्ची टाकून बसला. नजर हलवली नाही. हात जागचा हलला नाही. पुस्तक छातीशी होतं, नखं स्वच्छ होती.

वास मात्र होता.

अध्यक्ष दहाला आले. चेहरा पाहून खूश झाले. "वा, अगदी गुरुजी," म्हणत त्यांनी पुतळ्याच्या हातावर हात ठेवला.

मग त्यांनी आपला हात नाकाशी नेला. रुमाल काढला.

"हा कसला वास?"

काम जाणार, हे शिल्पकाराला त्या रुमालातच दिसलं.

"आई आहे आत," तो म्हणाला. "म्हातारी आहे. तिच्या अंगाला येतो. काय करणार."

मागच्या खोलीत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

अध्यक्षांनी समजूतदारपणे मान हलवली. पुन्हा एकदा हुंगून पाहिलं आणि त्यांचा चेहरा निवळला. वास गेला होता. शिल्पकारानेही हुंगलं. ओल्या मातीचा साधा वास, बाकी काही नाही.

"साचा घ्या," अध्यक्ष म्हणाले, आणि गेले.

शिल्पकार किती तरी वेळ त्या हाताजवळ उभा राहिला. दाबून पाहिलं, नखांवरून बोट फिरवलं. सगळं ठीक होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

तो आत गेला. आई स्वयंपाकघरात त्याच्याकडे पाठ करून उभी होती. पाटावर बसताना तो सवयीने म्हणाला, "हात धुऊन ये."

आई वळली. तिच्या नाकपुड्या हलल्या. तीस वर्षांत त्याने त्या हललेल्या पाहिल्या नव्हत्या. तिने नाकाला पदर लावला.

"तूच ये धुऊन," ती म्हणाली. आवाज शांत होता.

तो नळाशी गेला. साबण लावला, घासलं, पुन्हा लावला. पाणी पिवळट काळं वाहत होतं. तो घासत राहिला, पाणी तसंच वाहत राहिलं.

परत आला तेव्हा आई जेवायला बसली होती, त्याच्या ताटात. त्याच्या जागेसमोर तिने टवका उडालेलं ताट मांडलं होतं, आणि ते थोडं दूर सरकवून ठेवलं होतं.