पानवेलीतली चप्पल

"कुंकू कोनी सांडलं गं?"

सासऱ्यांच्या, अण्णांच्या ओरडण्याने शालूने दचकून मागे पाहिलं. पडवीपासून चुलीपर्यंत लाल ठिपके उमटत आले होते... आणि ते तिच्याच डाव्या पायाशी येऊन थांबले होते! तळव्यात पानवेलींच्या आधाराला लावलेल्या पांगाऱ्याचा काटा बुडापर्यंत रुतला होता, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता!

दोन वर्षांपूर्वी माहीमच्या आरोग्य शिबिरात तिच्या रक्तात साखर निघाली होती. गावात आता घरटी एक तरी साखरवाला, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, पाय बधिर होतायत, अनवाणी एक पाऊल टाकू नका. पण सासऱ्यांचा पानमळा! त्या वेलीत चप्पल म्हणजे देव्हाऱ्यात चप्पल. तिने एकदाच भीत भीत विचारलं, तेव्हा अण्णा कडाडले होते, "माज्या आज्यानंबी वेलीत चप्पल नेली नाय. साखर झाली म्हणून सोवळं सुटतं काय?" नवरा ललित बोईसरच्या कारखान्यातून पाळी करून आलेला, तो मान खाली घालून जेवत राहिला. त्याचं ते मुकाट जेवणंच शालूच्या जिव्हारी लागलं. तरीही घरात कलह नको म्हणून ती रोज अनवाणी वेली बांधत राहिली...

काटा निघाला, पण जखम चिघळली. महिनाभरात डावं पाऊल कापावं लागलं. इस्पितळात घरच्यांचंही रक्त तपासलं, तर अण्णांची साखर सुनेपेक्षा जास्त निघाली!

ती कुबड्यांवर घरी आली, तेव्हा अण्णा सवयीने अनवाणीच मळ्यातून लगबगीने बाहेर आले. हातात नव्या चपलांचा जोड होता. आयुष्यभर हुकूम सोडणाऱ्या अण्णांनी तो वाकून तिच्यापुढे ठेवला. "बाय, घालून जा वेलीत. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन... मी चुकलो गं!"

"दोन वर्षांपूर्वी द्यायची होती, अण्णा," शालू म्हणाली. "आता एकच पुरे."

म्हातारा मटकन पायरीवर बसला नि ढसाढसा रडू लागला. शालूचे डोळे कोरडेच राहिले. क्षमा करायला तिचं मन तयार होईना... आणि तेवढ्यात तिची नजर पायरीवर गेली. अण्णांच्या टाचेखाली लाल ठिपका होता.

कुबड्या टाकून ती तशीच खाली बसली. त्यांची टाच तिने मांडीवर ओढून घेतली.

"अण्णा, दुखतंय का हो?"

"नाय गं बाय," ते भाबडेपणाने म्हणाले, "कायपन दुखत नाय."

तेव्हा कुठे शालूला रडू फुटलं.