आखाजीचं पाणी

लाइट आता लवकर येणार नाही. बसा इथेच गच्चीवर. नवीन, तो मोबाइलचा उजेड बंद कर, डोळ्यांवर येतो.

ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मित्राच्या, बन्सीलाल सरांच्या बाबतीत झालं, आणि त्याचं शेवटचं टोक मी स्वतः पाहिलं. सर जळगावला शेती कॉलेजात शिकवतात. चोवीस सालच्या मे महिन्यात ते मुलामुलींना घेऊन फ्रान्सला निघाले होते. अभ्यास सहल. तिकडचे द्राक्षमळे, फळबागा, पाणी द्यायच्या पद्धती बघायच्या, शेतकऱ्यांकडेच राहायचं. एरंडोलहून जळगाव स्टेशनपर्यंत त्यांना गाडीनं सोडायचं काम माझ्याकडे होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. बाजारात कुंभारांनी रस्त्याकडेला घागरी मांडल्या होत्या. सरांनी गाडी थांबवायला सांगितली आणि एक कोरी घागर घेतली. त्यांचे वडील, जीवराम आबा, आदल्या दिवाळीत गेले होते. ही त्यांची पहिली आखाजी. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा घास देतात. उन्हाळ्याचं पाणी त्याला त्या दिवशी मिळतं. सर म्हणाले, "रतिलाल, एवढी भाईदासकडे पोचती कर." भाईदास म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गावी शेती करतो.

सरांना सोडून परतताना मी घागर दिली. भाईदासनं टिचकी मारून पाहिली, तोंडाला फडकं बांधलं आणि आतल्या खोलीत ठेवली. काही बोलला नाही. दोघा भावांचं बोलणं तसं कमीच होतं. मीही विचारलं नाही.

आता तिकडचं सांगतो. हे सरांनी मला नंतर सांगितलं.

ऱ्होन नदीच्या बाजूला एक खेडं. दगडी घर, मागे द्राक्षमळा. मालकीणबाई विधवा होत्या, मळा त्या आणि त्यांचा मुलगा बघायचे. मुलांमधला ललित त्यांना फार आवडला. चाळीसगावकडचा, कष्टाळू पोरगा, घरी आई एकटी. सहल संपल्यावर सहा महिने मळ्यावर राहून शिकशील का, असं त्यांनी त्याला विचारलं होतं. जेवणखाण, वर पगार. पोराचं आयुष्य बदललं असतं. सरांनी शिफारस दिली की झालं.

मग एका सकाळी बाईंनी तक्रार केली. सुलक्षणा नावाच्या मुलीला फ्रेंच येत होतं, तिनं समजावून सांगितलं. रात्री कुणीतरी स्वयंपाकघरात येतं. टेबलावरचा पाण्याचा जग रिकामा करतं. फरशी ओली करतं. ग्लासाला हात लावत नाही.

स्वयंपाकघराला लागून ललितची खोली होती. आदल्या दिवशी मळ्यावर मुलांना चवीपुरती वाइन दिली होती. सरांना वाटलं, यानं जास्त घेतली असणार, रात्री घसा कोरडा पडला असणार. ललित नाही म्हणाला. पुढच्या सकाळीही तेच. जग रिकामा, फरशी ओली. सरांनी त्याच्या खोलीसमोर जाऊन पाहिलं तर त्याच्या चपलाही ओल्या.

मुलं आपसात कुजबुजायला लागली. जेवताना ललितच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. शेवटी सरांनी त्याला बाजूला घेतलं. खरं सांग, नाहीतर शिफारस विसर.

 ललित म्हणाला, "सर, मला वाटायचं तुम्हीच उठता."

"मी?"

"खोकला तुमच्यासारखाच आहे. फक्त... म्हाताऱ्या माणसाचा. काल मी दार उघडून पाहिलं. कोणी नव्हतं. पाण्यात पाय पडला, तेवढंच."

सर चिडले. बापाच्या वयाच्या माणसाची चेष्टा करतोस, म्हणाले. आज रात्री मीच बसतो स्वयंपाकघरात, मग बघू.

काय रे नवीन? ... हो, हसून घे. भुताला व्हिसा लागत नाही का, हे मीही सरांना विचारलं होतं. ते हसले नाहीत.

ती शुक्रवारची रात्र. आखाजीची. संध्याकाळी घरून फोटो आले होते, झोक्यावरच्या लेकी, पुरणपोळीचं ताट. सरांनी ते पाहिले आणि फोन खिशात ठेवला. घागरीचं भाईदासनं बघितलंच असेल, असं त्यांनी धरलं.

सगळे झोपल्यावर ते दिवा बंद करून कोपऱ्यात खुर्चीवर बसले. ललितच्या दाराला त्यांनी बाहेरून कडी घातली होती. एवढा संशय. समोर टेबल, टेबलावर भरलेला जग. खिडकीतून थोडा उजेड येत होता.

बराच वेळ काही नाही.

मग खोकला.

ललितच्या खोलीतून नाही. दाराकडून नाही. टेबलापाशी.

मग पाणी पिण्याचा आवाज. घोट... घोट. खूप दिवस तहानलेलं माणूस पितं तसा. सरांनी बसल्या जागेवरूनच हाक मारली.

"ललित?"

आवाज थांबला.

आतून ललितचा आवाज आला, झोपेतला, घाबरलेला. "सर, मी इथे आहे. कडी लावलीय तुम्ही."

 

टेबलावर जग सरकला. थोडा. सरांच्या बाजूला. रिकामा.

जीवराम आबा शेतावरून आले की ग्लासानं कधी प्यायचे नाहीत. उंबऱ्यापाशी वाकून ओंजळ धरायचे, आणि मोठ्या पोरानं वरून पाणी ओतायचं. लहानपणापासून ते काम बन्सीचं.

सर उठले. नळाखाली जग भरला.  टेबलासमोर उभे राहिले, आणि जग वाकवला.

धार सुटली.

खाली दगडी फरशी. पण आवाज आला नाही.

पाणी पडल्याचा आवाज... आलाच नाही.

सर ओतत राहिले. जग संपला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. कितीदा, त्यांना आठवत नाही. मग कुणीतरी "हं" म्हटल्यासारखं झालं. पुरे म्हणतात तसं.

त्यांनी दिवा लावला. फरशी कोरडी होती.

त्यांनी ललितच्या दाराची कडी काढली. त्या पोराला काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही. शिफारस मात्र त्याच पहाटे लिहिली. ललित सहा महिने राहून आला.

त्या रात्रीच सरांनी मला फोन केला होता. तिकडे अजून अंधार होता, आपल्याकडे उजाडत होतं. मी चहा घेत होतो. नमस्कार नाही, काही नाही.

"रतिलाल, घागर भरली का, बघून ये."

मी तसाच गेलो. भाईदास अंगणात दात घासत होता. घागरीचं विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिला.

"भरी नहीं," म्हणाला. "बाबाले मोठा पोऱ्याना हातनं पानी लागस. दादा ई तवय भरी."

आबांना मोठ्या मुलाच्याच हातचं पाणी लागतं, दादा येईल तेव्हा तोच भरेल, घागर त्यासाठी राखून ठेवायला पाठवली, असं भाईदासनं धरलं होतं. आणि दादानं धरलं होतं, धाकटा भरेल. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

आम्ही आतल्या खोलीत गेलो. घागर तिथेच होती. फडकं तसंच, त्याची गाठही त्यानं मारलेलीच. पण बाहेरून ती ओली होती. रात्रभर भरून ठेवलेली घागर सकाळी पाझरते ना, तशी. थेंब पोटावरून ओघळत होते. मी हात लावला. थंडगार. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत.

मला पहिला संशय भाईदासवरच आला. रात्री लाज वाटली असेल, गुपचूप भरली असेल, आणि आता कबूल करत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे तसाच बघत होता. त्याला वाटत होतं, मी काही केलं.

मी गाठ सोडली. आत हात घातला, पार तळापर्यंत.

कोरी होती. बोटांना नुसती माती लागली.

बाहेरून मात्र ती दुपारपर्यंत पाझरत होती.