भुरीची फेरजुळणी

अनुसया पोटभर हसायला लागली आणि भुरीचं जेवण सुटलं.

पहिल्या दिवशी अनुसयेला वाटलं, कुत्रीला ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी दूधभाकरीवर मुंग्या चढल्या. तिसऱ्या दिवशी भुरी उंबऱ्यावर जाऊन बसली. तोंड रस्त्याकडे, पाठ अनुसयेकडे, परक्या घरी मुक्कामाला आलेल्या पाहुणीसारखी.

पूर्वी माणसं जात बघून कुत्रं निवडायची. लेकुरवाळ्या घरात लॅब्रॅडॉर, राखणीला अल्सेशियन, फ्लॅटात पॉमेरेनियन, माळावर सशामागं धावायला कारवानी. जात जुळायची, पण जीव जुळेलच असं नव्हतं. किती तरी कुत्री गच्चीवर साखळीलाच म्हातारी व्हायची. मग गंधठसा सापडला. गंधठसा म्हणजे माणसाच्या घामाचा नि श्वासाचा ठसा. बोटाच्या ठशासारखाच प्रत्येकाचा निराळा. पण बोटाचा ठसा जन्मभर तसाच राहतो, हा मात्र मनाबरोबर बदलतो. माणूस भ्यालं, रमलं, खंगलं, की ते रक्तात उतरतं आणि रक्तातून घामात. माणसाला ते कळत नाही. कुत्र्याला कळतं.

चार वर्षांपूर्वी अनुसया मिरजेच्या श्वानजुळणी केंद्रात पहिल्यांदा गेली, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीला, कमळाक्काला जाऊन तीन महिने झाले होते. दोघी बिनलग्नाच्या, एका छपराखाली एकोणचाळीस वर्षं काढलेल्या. त्यातली एक उठून गेली आणि घरात दुसरा कपही विसळायचा राहिला नाही.

"मला फार मोठं नको हं, डॉक्टर," अनुसया म्हणाली होती. "पायात येणारं नको, भुंकणारं नको. केस गळणारं तर नकोच नको."

"आम्ही जात विचारत नाही, मावशी." डॉक्टर रेवती हुक्केरी वयानं लहान, चेहऱ्यानं थकलेली. "स्वभावसुद्धा तुमच्या तोंडून ऐकत नाही. माणूस स्वतःबद्दल काय वाट्टेल ते सांगतं, लग्न जमवताना सांगतं तसं."

"मग बघता काय? पत्रिका?"

"घाम." डॉक्टरनं एक पांढरा रुमाल पुढं केला. "हा सहा आठवडे गळ्याशी बांधा. ठसा कळला की त्याला जुळणाऱ्या स्वभावाची पिल्लं बघू. त्यातलं एक निवडू. पाच आठवड्यांचं झालं की चौदापर्यंत त्याच्या अंथरुणात हाच रुमाल ठेवायचा. त्या वयात जो वास बसतो, तेच त्याचं घर. भिंती नाहीत, छप्पर नाही. फक्त तुम्ही."

मग नळी तोंडाशी आली. "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा."

अनुसया चमकली. इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत एकतीस वर्षं ती हेच तीन हुकूम देत आली होती. लोकांच्या बरगड्या उजेडाला धरून बघितलेली बाई ती. आज पहिल्यांदा यंत्राच्या या बाजूला उभी होती.

अशी भुरी आली. राखी रंगाची, एक कान मोडलेला, कुठल्याच जातीची नव्हे. आली ती थेट अनुसयेच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपली. कमळाक्काच्या आठवणीनं अनुसयेचे डोळे भरले, की भुरी अंग सैल सोडून निवांत व्हायची. अनुसयेला वाटायचं, सांत्वन करतेय माझी बाय.

शेजारी मंगल लोंढे राहायला आली ती दोन महिन्यांपूर्वी. बोलणं असं, की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं.

"अगं ए अनुसया, तोंड का असं एरंडेल प्याल्यागत? चल की, पापड लाटायचेत! एकटीनं लाटून माझं लाटणं रुसलंय." आणि पोळपाटावर ताल धरून ती गाऊ लागली:

"सासूबाई सासूबाई, तुमचा दात कुठं गेला?
वांग्याच्या देठासाठी मांजरानं तो नेला!"

अनुसया हसली. चार वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग रोजच हसू लागली. आणि भुरीनं भाकरी सोडली.

केंद्रात नेलं, तर जुळणीचा आकडा आला शंभरात अठ्ठावन्न. मागल्या वर्षी एक्क्याण्णव होता. साठाच्या खाली जुळणी गेली की कुत्रं परत घ्यायचं, असा नियम. न जुळणाऱ्या वासात कुत्री उपाशी मरतात, म्हणून केलेला.

"चांगली खबर आहे, मावशी," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही बऱ्या होताय. ठसा बदललाय. भुरीचं घर होतं ते तुमच्या दुःखाच्या वासाचं. ते आता मोडतंय."

"म्हणजे मी हसले म्हणून तिचं घर गेलं?"

"पंधरा दिवसांनी पुन्हा मोजू. नाही जुळलं तर तुम्हाला दुसरं पिल्लू देऊ, आनंदी."

"आणि हिला?"

"तुमच्या जुन्या वासाजवळचं माणूस शोधू. सापडेल. एकटी माणसं काय कमी आहेत?"

परतताना भुरी दोनदा रस्त्यात बसली. बरगड्या दिसत होत्या. एक्स-रे लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंगलनं हाक मारली, तेव्हा अनुसयेनं दार अर्धंच उघडलं. "पंधरा दिवस येऊ नकोस गं."

"का? माझं काही चुकलं?"

"नाही."

"मग?" मंगल हातातल्या पापडाच्या डब्याकडं बघत म्हणाली, "बोलायचं नसलं तर तसं सांग की. मी काय, भिंतीशी बोलीन."

दार लागलं. अनुसयेनं ट्रंकेतून कमळाक्काचं लुगडं काढलं. नाकाशी धरलं. कापूर, हळद आणि अगदी तळाशी अक्का. रोज संध्याकाळी ती ते मांडीवर घेऊन बसू लागली, शेवटचं आजारपण पहिल्यापासून आठवू लागली. अक्का पाणी मागत होती आणि आपला डोळा लागला होता, हे चार वर्षं न उघडलेलं दारही तिनं उघडलं. पाचव्या दिवशी भुरीनं चतकोर खाल्ली. नवव्या दिवशी पावलावर हनुवटी टेकली.

पंधराव्या दिवशी आकडा आला त्र्याण्णव.

डॉक्टर हुक्केरीनं आकडा दोनदा वाचला. मग उठून तिनं दार लोटलं.

"जिल्ह्यात चार हजार कुत्री दिलीत आम्ही. सहा वर्षांत बरं झालं म्हणून एकाही माणसानं कुत्रं परत केलेलं नाही. अहवालात लिहितो, जुळणी टिकली." तिचा आवाज खाली आला. "तुम्ही काय वापरलंत, मावशी?"

अनुसयेनं भुरीच्या मोडक्या कानावरून हात फिरवला. मग म्हणाली, "अक्काचं लुगडं."

डॉक्टरनं मान डोलावली. टेबलाखाली काहीतरी हललं. एक काळं, म्हातारं कुत्रं तिच्या चपलेवर डोकं ठेवून झोपलं होतं.

"माझ्याकडं बाबांचा चष्मा आहे," ती म्हणाली. "माझी फेरजुळणी सोमवारी."

गल्लीत शिरताना मंगलच्या ओसरीवरून लाटण्याचा ताल ऐकू आला. सासूबाईंच्या दाताचं गाणं चाललं होतं, एकटीचंच. अनुसयेच्या ओठांशी काहीतरी चढून आलं. भुरीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

श्वास घ्या, अनुसयेनं स्वतःला सांगितलं. रोखून धरा.

मंगलचं दार मागं पडलं, गाणं मागं पडलं, आपलं कुलूप आलं. पुढचा हुकूम काही तिनं दिला नाही.