थॉमसिनने अडवलेली घंटा

त्या गुरुवारी मी चर्चमध्ये गेले ती फक्त एक तारीख शोधायला. पिशवीत चष्मा, दोन केशरी बन आणि थर्मासमध्ये चहा. दुपारचे तीन वाजले होते. समुद्रावरचं धुकं दफनभूमीच्या भिंतीपर्यंत चढून आलं होतं.

तारीख हवी होती थॉमसिन ट्रेवेनारच्या मृत्यूची. आमच्या पोर्टवेनचा कॅप्टन पास्को ट्रेवेनार पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जहाज घेऊन गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या नावाची नवी फरशी चर्चमध्ये बसणार होती, पण बायकोचं नाव त्यावर घालायला पाद्रीबुवा तयार नव्हते. तिने कड्यावरून उडी घेतली असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि जीव देणाऱ्याला त्या काळी चर्चची माती मिळत नसे. "दफनाची नोंद दाखवा, नाव कोरू," एवढंच ते म्हणाले. पाथरवट शुक्रवारी सकाळी येणार होता.

मी पहिल्यापासून हट्टी. तीन वर्षं या बाईचा माग काढत होते. बाप्तिस्मा १५४१, लग्न १५६०, नवरा गेला १५६९ साली. पुढच्या वर्षीची एक ओळ तेवढी सापडली होती. गावाने कॅप्टनसाठी मृत्यूची घंटा वाजवायचं ठरवलं, तेव्हा थॉमसिनने दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि घंटा वाजू दिली नाही. त्यानंतर तिचा कुठेच पत्ता नाही.

ती ओळ वाचून मी ढसाढसा रडले होते. माझा डावखुरा नवरा डेन्झिल अकरा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. बोट सापडली, तो सापडला नाही. त्याची घंटा मी अजून वाजवू दिलेली नाही.

घंटाघराच्या तळाशी टेबल टाकून मी दफनांच्या वह्या उघडल्या. घंटा वाजवणारे जेगोकाका शेगडी पेटवत होते. वय एक्याऐंशी, हात अजून दणकट आणि तोंड फटकळ.

"सापडली का तुझी बया?"

"सापडेल."

"विधवांची नावं सगळी पाहिलीस?"

"दोनदा. ट्रेवेनारची विधवा म्हणून कुणीच नाही."

"मग गेली असेल कड्यावरून. तू कशाला जिवाचं रान करतेस?" त्यांनी बन उचलला. "मोर्वेना, पोरी, डेन्झिलची घंटा एकदा वाजवू दे मला. हात चालतायत तोवर. पुरुषाला नऊ ठोके, मग जितकी वर्षं जगला तितके. चव्वेचाळीसच तर आहेत."

"काका, चहा घ्या. निवतोय."

"बाईला सहा पुरतात. तुझ्या वेळी असलो मी, तर..."

"आधी तुमचे नऊ होऊ द्या."

ते खो खो हसले आणि लाकडं आणायला बाहेर गेले.

दार बंद झालं आणि आत ओल्या शेवाळाचा वास पसरला. मग डोक्यावर घंटा वाजली. दोन ठोके. थांबली. पुन्हा दोन. पुन्हा दोन. म्हणजे बाई. काकांना कुणाचा निरोप आला असावा आणि ते वरच्या मजल्यावरून वाजवत असावेत, असं मला वाटलं. आमच्या गावात घंटा वाजली की हातातलं काम ठेवून माणूस ठोके मोजतो. पुढचे वर्षांचे ठोके मीही मोजले. एकसष्ट.

काका लाकडांसकट धावत आत आले. "दोराला हात का लावलास?"

"मी जागची हललेसुद्धा नाही."

दोर खुंटीला बांधलेला होता. काकांनी तो चाचपून पाहिला. "गाठ तर माझीच आहे," ते पुटपुटले.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण तिच्याआधी डोक्यात बेरीज झाली. १५४१ आणि एकसष्ट. मी १६०२ सालची पानं उघडली आणि या वेळी विधवा सोडून बाकीची सगळी नावं वाचली.

'थॉमसिन, कॅप्टन पास्को ट्रेवेनार यांची बायको. या चर्चच्या मातीत दफन.'

बायको. तेहेतीस वर्षं तिने दुसरा शब्द कुणाला लिहू दिला नव्हता. मला कुणी विधवा म्हटलं तर मी अंगावर धावून जाते, आणि तिला मात्र त्याच शब्दाखाली शोधत बसले होते. लाज वाटली आणि आनंदही झाला.

"काका, तिने जीव दिला नाही. ती वाट पाहत राहिली. उद्या नाव कोरलं जाणार."

घंटा पुन्हा वाजायला लागली होती.

तीन. तीन. तीन.

"पुरुष..." काका म्हणाले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. आम्ही दोघं वर छताकडे पाहत राहिलो.

मग वर्षांचे ठोके सुरू झाले. दहा झाले. वीस, तीस. चाळीस आले तशी मी मोठ्याने मोजायला लागले. बेचाळीस... त्रेचाळीस... चव्वेचाळीस. मी डोळे मिटले. आता थांबेल.

पंचेचाळीस.

"काका..."

"मोज, पोरी."

शेहेचाळीस. सत्तेचाळीस. म्हणजे त्या दिवशी तो बुडाला नव्हता. अकरा वर्षं मी ही घंटा सुरू होऊ दिली नव्हती, आणि आता ती थांबू नये म्हणून देवाचा धावा करत होते. वाजत राहा. साठ वाज, सत्तर वाज.

पंचावन्नला घंटा थांबली.

डेन्झिलला पंचावन्न मागच्या रविवारी पूर्ण झाली होती.

काकांनी माझं मनगट सोडलं आणि हळूच विचारलं, "वहीत... लिहायचं का?"

"नाही," मी म्हणाले. "तो कुठे होता ते कळेपर्यंत नाही."

मी दोर धरायला गेले. तो खुंटीलाच बांधलेला होता, पण गाठ आता काकांची नव्हती. उलट्या पिळाची होती, डाव्या हाताने मारलेली. पाणी तिच्यातून अजून ठिबकत होतं.