एकाच घरातून तीन तक्रारी

आईने त्याला जिन्यातच पकडला. वरच्या मजल्यावरचं काम आटोपून तो खाली उतरत होता, खांद्यावर वायरचं वेटोळं, हातात अवजारांची पिशवी… आणि आमच्या दारात आई कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो तारवाले, आमच्याकडेही बघा जरा! चार दिवस पोरगी कॉम्प्युटरसमोर बसून नुसतं गोल फिरणारं चाक बघतेय."

"आई, असं कुणालाही धरून आणतात का!" मी आतून ओरडले आणि तरातरा बाहेर आले. तो गालातल्या गालात हसत होता. पुढे बरंच काही ओरडायचं होतं मला, पण ते राहूनच गेलं.

मी एका प्रकाशकासाठी घरी बसून कॉम्प्युटरवर शाळेच्या पुस्तकांची पानं लावते. संध्याकाळी ती जड फाइल पाठवायची असते, आणि त्या आठवड्यात ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जात नव्हती.

"आधी तक्रार नोंदवा," तो म्हणाला. "नंबर पडल्याशिवाय मला हात लावता येत नाही. थांबतो मी."

मी त्याच्यासमोर उभी राहून फोनवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या क्षणाला ती टिंग करून त्याच्याच खिशात वाजली! दोघंही एकदम हसलो. पहिल्या भेटीत इतकं हसू नये माणसानं…

त्याने राउटरजवळ उभं राहून आपल्या फोनवर वेग तपासला. नव्वद. माझ्या कॉम्प्युटरवर तपासला. चार.

"लाइन ठणठणीत आहे. दुखणं वाटेत आहे कुठेतरी," असं म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि भिंतीच्या कडेने तार चाचपत निघाला. लोखंडी कपाटापाशी थांबला. कपाटाचा पाय बरोबर तारेवर होता, आणि तार पार चपटी झालेली.

"झाडताना सरकवलं मी ते," आई म्हणाली. "म्हणजे आता केरही काढायचा नाही का?"

त्याने चेचलेला भाग कापून नवी तार घेतली. आत आठ बारीक रंगीत तारा. त्यांचा क्रम लावताना मी टॉर्च धरायचा, असं ठरलं.

"आठही आपापल्या जागी बसल्या पाहिजेत. एखादी चुकली तर…"

"तर?"

"तरी कधीकधी चालतं. पण रडतखडत." त्याने मान वर केली. "नीट दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय की," मी म्हटलं. तारांकडे मी बघतच नव्हते.

चहा घेता घेता त्याने सांगितलं, पाच वर्षं कंत्राटावर काढली, या महिनाअखेरीला कायम करणार आहेत. घरी तो आणि आई, दोघंच. "आई म्हणते, एकदा कायम हो, मग पुढचं बघू."

"पुढचं म्हणजे काय?"

त्याचे कान लाल झाले. "पुढचं म्हणजे… पुढचं." स्वयंपाकघरात आई उगाचच खोकली.

तो गेल्यावर कंपनीचा निरोप आला, कामाला किती तारे द्याल? मी पाच दिले. आणि तिथेच माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. कायम व्हायचं तर वरच्यांना नाव दिसायला हवं. जितकी कामं, तितके तारे! त्याचं भलं, आणि मला… मला तो पुन्हा दिसणार. एका दगडात दोन पक्षी. दगड कुणाला लागेल, हे काही मी पाहिलं नाही.

आठव्या दिवशी आई बाजारात गेल्यावर मी पाठ लावून ते कपाट पुन्हा तारेवर ढकललं. वेग सहावर आला, मी तक्रार केली.

तो आला. कपाटाच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे परत इकडे कसं आलं?"

"जुनी जागा आवडत असेल त्याला."

"पाय फुटलेत मेल्याला," आई माझ्याकडे रोखून बघत म्हणाली.

दहा मिनिटांच्या कामाला त्याने सव्वा तास लावला. लहानपणी रेडिओ उघडून पुन्हा जोडता न आल्याने खाल्लेला मार, उंच शिडीची अजूनही वाटणारी भीती, सगळं सांगून झालं. जाताना त्याने तार खिळ्यांनी भिंतीवर उंच ठोकली. "आता कपाट कितीही फिरलं तरी हरकत नाही." माझा चेहरा पडलेला त्याला दिसला असावा, कारण तो उगाचच आणखी एक खिळा ठोकत बसला. मी पुन्हा पाच तारे दिले.

तिसऱ्या वेळी मी कॉम्प्युटरवर सहा मोठ्या फाइल एकदम उतरवायला लावल्या आणि नेट रांगतंय म्हणून कळवलं. त्या दुपारी बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याचे केस ओले होते, आणि खोलीत ओल्या कापडाचा वास भरून राहिला. त्याने माउसवर हात ठेवला… माझा हात अजून तिथेच होता. दोघांनीही तो लगेच काढला नाही.

मग त्याने त्या सहाही खिडक्या एकेक करून बंद केल्या. कागदावर लिहिलं, 'जॅक सैल, बदलला.'

"तारेच्या टोकाचा जॅक कुठे बदललात?"

"मग काय लिहू?" त्याने माझ्याकडे पाहिलं. हसत नव्हता. "आता मात्र तक्रार करू नका… कृपा करून."

"कंटाळलात वाटतं आम्हाला."

"कंटाळा नाही हो…" पुढचं त्याने गिळलं. मी फुरंगटून बसले. तारे मात्र पाचच दिले.

महिना संपला आणि नेट खरोखरच बंद पडलं. नाइलाजाने कळवलं, तर दारात एक वयस्कर गृहस्थ.

"ते नाही आले?" मी विचारलं.

"कायम होता होता राहिला बिचारा. एका घरातून महिन्यात तीन तक्रारी म्हणजे दुरुस्ती जमत नाही, असा नियम आहे आमच्याकडे." त्यांनी हातातल्या कागदावरचा पत्ता पाहिला, मग दारावरचा, आणि कागद दुमडून खिशात घातला. "सामान जमा करायला आज आलाय तो ऑफिसात," एवढंच हळूच म्हणाले.

मी चपला कशा घातल्या, रस्ता कसा ओलांडला, काही आठवत नाही. ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर जाऊन मी एका दमात सांगून टाकलं. कपाट मी ढकललं, फाइल मी लावल्या. त्याची काही चूक नाही. मी तर दर वेळी पाच तारे दिलेत!

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. "त्याने सहीनिशी लिहिलंय, जॅक सैल होता. तुमचं खरं धरलं तर त्याने खोटं लिहिलं असं होतं. मग दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही त्याला. सांगा, तुमचं म्हणणं लिहून घेऊ?"

मला रडू फुटलं. "नको," मी म्हटलं.

तो पायऱ्यांवर भेटला. पिशवी जमा केलेली, हात रिकामे.

"तुम्हाला नियम माहीत होता," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. सांगायचं होतंत ना मला!"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोलावलं नसतं."

मी डोळे पुसले. तोच म्हणाला, "कायम झालो की आईला घेऊन येणार होतो तुमच्याकडे. तक्रारीशिवाय."

"मग या ना. तसेच या. मला आवडता तुम्ही… कायम नसलात तरी."

"मलाही…" त्याने मान फिरवली. "खोल्या सोडल्यात. मामाच्या दुकानात दोन वर्षं राहायचा शब्द दिलाय, लांब आहे. कशाच्या जोरावर थांबा म्हणू तुम्हाला?"

"म्हणून तर बघा."

तो म्हणाला नाही. फाटकाशी सामान भरलेला टेंपो उभा होता, पुढे त्याची आई बसलेली. तो जड पावलांनी जाऊन तिच्या शेजारी बसला. तिने खिडकीतून मला नीट न्याहाळलं. "हीच ना?" त्याने मान हलवली.

आता शिव्या बसणार, म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. मला त्या हव्याच होत्या.

"मीच म्हटलं होतं त्याला, कायम हो, मग जाऊ," ती म्हणाली. "चुकलं गं बाई माझं. तेव्हाच यायला हवं होतं."

"नाही हो, चूक माझी…" मी म्हणाले. पण तोवर टेंपो सुरू झाला होता. तिला ते ऐकू गेलं नसावं.