तेरणा तुफानचे शेवटचे सात सेकंद

लॉजच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असतो – ‘येण्याचं कारण’. तुळजापुरात तो भरताना कुणालाच विचार करावा लागत नाही. दर्शन, दर्शन, दर्शन. फार तर नवस. पण दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या बुधवारी, पाठीवर सॅक घेऊन आलेल्या उंच, सावळ्या, दाढीवाल्या माणसानं पेन उचललं, क्षणभर विचार केला... आणि लिहिलं – इतिहास.

काउंटरमागच्या हर्षालीनं रजिस्टर स्वतःकडं फिरवलं. श्रीशैल बिराजदार, उमरगा, क्रीडाशिक्षक. मुक्काम – आठ दिवस.

“इतिहास असंल तर तेरला जा की,” ती म्हणाली. “तिथं संग्रहालय हाय. दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं हायत.”

“माझा इतिहास सातच वर्षांपूर्वीचा आहे,” तो हसला. “तेरणा तुफान. बायकांची बास्केटबॉल टीम होती. तिच्यावर पुस्तक लिहितोय. तुम्ही ऐकलं असेल...”

हर्षालीच्या हातातली किल्ली तशीच राहिली. ऐकलं असेल! तीन वर्षं ती त्या टीमची कॅप्टन होती. सात नंबरची जर्सी अजून वरच्या खोलीत ट्रंकेच्या तळाशी होती.

“खोली न्हाय शिल्लक,” ती म्हणाली.

“हाय की गं, चौदा नंबर!” आतून ज्ञानोबामामा ओरडले. लॉज मामांचं होतं. मामांना गिऱ्हाईक म्हणजे देवीनं पाठवलेलं माणूस.

किल्ली घेताना त्यानं हळूच विचारलं, “हर्षाली बारकुल ना तुम्ही?... येरमाळ्याच्या?”

म्हणजे माहीत होतं. माहीत असून सोंग! हर्षालीनं मनात त्याच्या नावापुढं फुली मारली.

तिच्या संशयाला कारण होतं. धाराशिवच्या एका बांधकाम व्यावसायिकानं हौसेनं टीम उभी केली, सहा टीमच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवली, तेव्हा लोक हसले होते. बारा पोरी – कुणी येरमाळ्याची, कुणी तेरची, कुणी कळंबची. कुणी शाळेच्या मैदानावर शिकलेली, कुणी धनगरवाड्यावरून उचललेली. पहिल्या वर्षी सगळ्यात शेवटचा नंबर आला. कोल्हापूरच्या टीमनं पन्नास गुणांनी धुतलं, आणि परतीच्या गाडीत सगळ्या एका सुरात रडल्या. दुसऱ्या वर्षी चौथा नंबर. तिसऱ्या वर्षी थेट फायनल! सोलापूरचं मैदान, दुपारची मॅच, धाराशिवहून आलेली चार गाड्या भरून माणसं.

आणि फायनल एका गुणानं गेली. शेवटच्या क्षणी बॉल हर्षालीच्या हातात होता. तिनं तो दोनदा आपटला, समोरच्या दोघींना अंगावर घेतलं आणि रिंगखाली मोकळ्या उभ्या असलेल्या तेरच्या सोनालीला पास दिला. सोनालीनं बास्केटही केलं. पण त्याआधीच भोंगा वाजला होता. वेळ संपली होती.

चार दिवसांनी कुजबुज सुरू झाली. मुद्दाम रेंगाळली म्हणं. मॅच विकली म्हणं. मालकांनी टीम गुंडाळली. हर्षालीची ठरलेली सोयरीक मोडली. ती येरमाळा सोडून मामाकडं आली. सकाळी शाळेच्या मैदानावर पोरींना शिकवायची, दिवसभर काउंटरवर बसायची. सात वर्षांत त्या मॅचबद्दल ज्यानं ज्यानं विचारलं, त्यानं आधी तेच विचारलं – शेवटी नक्की काय झालं हो?

आता हा आला होता. पुस्तक लिहायला!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मैदानाच्या कठड्यावर येऊन बसला.

“कुणाचा माणूस तुम्ही? पेपरवाल्यांचा?” तिनं थेट विचारलं.

“शाळेचा. माझ्या मुली बास्केटबॉल खेळतात. त्यांना सांगायला जवळची गोष्टच नाही. सगळ्या गोष्टी अमेरिकेच्या.”

उत्तर चांगलं होतं. नको तितकं चांगलं.

“खेळता येतं का सोताला?” तिनं बॉल त्याच्याकडं फेकला. त्यानं झेलला, नीट नेम धरला, मारला. बॉल रिंगलाही लागला नाही. पोरी खिदळल्या.

“हा क्रीडाशिक्षक?”

“मी खो-खोचा,” तो कान पकडत म्हणाला, आणि हर्षालीला हसू आवरेना. हसून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी तो सोनालीला भेटायला तेरला निघाला. हर्षालीही निघाली. सोबत म्हणून नव्हे... पाळत म्हणून. असं तिनं स्वतःला सांगितलं. धाराशिवला बस बदलली, तेव्हा गर्दी मावत नव्हती. त्यानं तिला खिडकीची जागा मिळवून दिली आणि स्वतः दांडीला लोंबकळत राहिला.

“पाळत ठेवायला बसून बरं पडेल तुम्हाला,” तो खाली वाकून म्हणाला.

“कोण म्हणतं पाळत?”

“डोळे म्हणतात. काल मी चहात किती साखर घातली, ते सांगता येईल तुम्हाला.”

“अडीच चमचे,” ती बोलून गेली. मग पुढं तेर येईपर्यंत खिडकीबाहेरच्या तुरीकडं बघत बसली. कान मात्र तापले होते.

सोनाली सहा फूट उंच. अजून दारातून वाकूनच बाहेर यायची. तिनं जेवू घातलं, जुने फोटो काढले. श्रीशैल ऐकत होता... आणि कसं ऐकत होता! पहिल्या मॅचला सोनालीचा बूट फाटला आणि तिनं दोरी बांधून खेळ संपवला, ते ऐकताना त्याचे डोळे भरून आले. कोणत्या मॅचला किती गुण, कोण जखमी, कोण बदली... सगळं त्यानं वहीत उतरवून घेतलं.

परतीच्या बसमध्ये हर्षालीला जे खटकत होतं ते एकदम उमगलं. तीन दिवस झाले. त्यानं सगळ्या मॅचबद्दल विचारलं होतं. फायनलबद्दल एक अक्षरही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला. पोरी गेल्या होत्या. मैदानावर कोवळं ऊन होतं.

“फायनल लिहिणार न्हाय व्हय तुम्ही?”

त्यानं वही मिटली. “लिहिणार.”

“मग विचारा की. सगळे विचारतात. सात सेकंद असताना बॉल हातात घेऊन रेंगाळली का, विचारा!”

“तुमच्याकडं सात नव्हतेच,” तो पटकन म्हणाला. “सोनालीताईंनी बाहेरून बॉल आत टाकला, तेव्हा तीनच उरले होते –”

तो थांबला. पण शब्द निसटले होते.

हर्षाली सावकाश उभी राहिली. त्या दुपारी सोलापुरात वीज गेली होती. गुणफलक बंद होता. शेवटचं मिनिट टेबलावरच्या माणसानं हातातल्या घड्याळावर मोजलं होतं, भोंगाही हातानंच वाजवला होता. सात सेकंद उरलेत, एवढं पंचांनी ओरडून सांगितलं होतं. त्यापुढचे आकडे मैदानावर कुणालाही दिसत नव्हते. ज्याच्या मुठीत घड्याळ, त्यालाच ठाऊक.

“तू होतास,” ती म्हणाली.

त्यानं वही बाजूला ठेवली.

“तेव्हा दाढी नव्हती. निळा कोट होता. टेबलावरची माझी पहिलीच मोठी मॅच... बॉल आतल्या खेळाडूनं हातात घेतला की घड्याळ सुरू करायचं असतं. मी घाबरलो होतो. पंचांनी सोनालीताईंच्या हातात बॉल दिला, तेव्हाच दाबलं. त्या आत टाकायला जागा शोधत होत्या. चार सेकंद तिथंच गेले. भोंगा वाजल्यावर कळलं. वरिष्ठांना सांगितलं, ते म्हणाले, निकाल लागलाय, गप्प बस. आणि मी... गप्प बसलो.”

“सात वर्षं?”

“तुमची सोयरीक मोडल्याचं गेल्या वर्षी कळलं. त्यानंतर झोप लागेना. आल्या दिवशीच सांगणार होतो. पण तुम्ही खापरांचं बोललात आणि... मला अजून थोडं बोलत राहावंसं वाटलं. रोज वाटत राहिलं. हाही माझाच गुन्हा.”

तिला हात उगारावासा वाटला. त्याहूनही, मातीत बसून मोठ्यानं रडावंसं वाटलं. ती नेहमी मनात सेकंद मोजत खेळायची. मोजणं तिचं कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आपणच चुकलो, असं मानून ती सात वर्षं जगली होती.

“पुस्तकात लिहून पळू नकोस,” ती म्हणाली. “उद्या रविवार. तेरला सगळ्यांना बोलावते. तोंडानं सांग.”

रविवारी सोनालीच्या अंगणात नऊजणी आल्या. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणी पोलिसात, कुणी शेतात. श्रीशैल उभा राहिला. त्यानं एकही शब्द गाळला नाही. शेवटी लीगच्या कार्यालयाला सहीनिशी पाठवलेल्या पत्राची प्रत त्यानं ओसरीवर ठेवली. नोकरीवर काय बेतेल ते बेतो, म्हणाला.

 कळंबची प्रतीक्षा उठून सरळ फाटकाबाहेर गेली. मग सोनाली पुढं आली. ती त्याच्याकडं गेलीच नाही. हर्षालीसमोर येऊन उभी राहिली.

“एकदा... एकदाच गं, मलाबी तुझा संशय आला हुता.”

हर्षालीनं तिचा भलामोठा हात धरला. “मलाबी माझाच आला हुता, सोने.”

आणि त्या दोघी रडल्या. पहिल्या वर्षी गाडीत रडल्या होत्या तशा, सगळ्यांच्या देखत. थोड्या वेळानं प्रतीक्षा परत आली. डोळे पुसत म्हणाली, “म्हंजी जिंकलो हुतो आपण. व्हय ना?”

“व्हय,” हर्षाली म्हणाली. “जिंकलो हुतो.”

संध्याकाळच्या आत श्रीशैल सॅक उचलून तेरच्या बसथांब्यावर जाऊन उभा होता. उमरग्याला जायचं म्हणाला. मागून पावलं वाजली. हर्षाली होती.

“पुस्तक?”

“पूर्ण करीन. तुम्हाला पाठवीन.” त्याची नजर वर होत नव्हती. “मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल...”

“वाटलं?”

“नाही. उलट आता तुम्ही दिसणार नाही, याचं ओझं झालंय.”

बस धुरळा उडवत आली. दार उघडलं. तो चढेना. कंडक्टर खेकसला, “पाव्हणं, यायचंय का न्हाय?”

“हे बघ,” हर्षाली म्हणाली. ‘तुम्ही’ कधीच गळून पडलं होतं, तिच्या आता ध्यानात आलं. “म्या तुला माफ केलेलं न्हाय.”

“ठाऊक आहे.”

“कधी करीन, सांगता येत न्हाय. लई दिवस लागतील. मी पक्की संशयी हाय.”

“मग मी काय करू?”

तिनं त्याच्या खांद्यावरची सॅक काढून स्वतःच्या खांद्यावर अडकवली आणि कंडक्टरला हातानंच ‘जा’ अशी खूण केली.

“इचारायला यायचं,” ती म्हणाली. “दर रविवारी.”

बस निघून गेली. धुरळा खाली बसला तरी दोघं तिथंच उभे होते... आणि हर्षाली, कितीतरी वर्षांनी, काहीच मोजत नव्हती.